तांबडीचा चीक

९ फेब्रुवारी

व्याली! कालवड झाली. पहाटेपासून मी, दादा आणि वहिनी गोठ्यातच.

चीक मी काढला – आईच्या पद्धतीनं, कास पार रिकामी होईपर्यंत. बादली भरली! आई गाईच्या कुशीला डोकं टेकून धार काढायची आणि आप्पांची सगळी गाऱ्हाणी तिला ऐकवायची. मी वासराचं दावं धरून उभी. 'एक थेंब ठेवायचा नाही गं आत.' एवढी वर्षं ऑफिसात फायली उपसल्या, पण हात विसरले नव्हते. फार बरं वाटलं आज.

१० फेब्रुवारी

तांबडी बसली ती उठेना. कान गार, मान पोटाकडे वळवलेली. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली लावली. तासाभरात उठली! जीव भांड्यात पडला.

जाताना म्हणाले, "काल चीक किती काढलात?" व्याल्याबरोबर कास रिकामी केली की गाईच्या अंगातलं कॅल्शियम ओढलं जातं म्हणे. पहिले दोन दिवस वासरापुरतंच काढायचं.

"थोडाच," म्हणाले मी. साठी उलटल्यावर धडधडीत खोटं!

११ फेब्रुवारी

पुन्हा बसली. पुन्हा बाटली.

१३ फेब्रुवारी

उभी आहे, खातेय. पण दादाचं ठरत आलंय. "दर वेताला हीच तऱ्हा होणार. रोगट गाय सांभाळायचं वय राहिलंय का आपलं?" व्यापारी रविवारी येणार. कालवड तेवढी ठेवायची.

वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "वन्सं, तुम्ही बोला की. माझं ऐकायचं म्हटलं की त्यांना ऐकू येत नाही." हसले आणि वैरण टाकायला निघून गेले.

१४ फेब्रुवारी

आईचं काही चुकलं, असं या घरात आजवर कुणी म्हटलेलं नाही. तो गोठा, बाह्या सरसावून बसलेली आई, भांड्यात पडणाऱ्या धारेचा आवाज – माझ्याजवळ तिचं एवढंच तर उरलंय. त्यालाच कसं नावं ठेवू?

पण तांबडी रोगट नाही. मी तिला पाडली. आणि घर सोडायचं तिनं! लाज वाटते.

१५ फेब्रुवारी, रविवार

सांगून टाकलं. दादा रागावलाच नाही. बराच वेळ कालवडीची पाठ खाजवत राहिला. मग म्हणाला, "आईच्या दोन गाई व्याल्यावर अशाच बसल्या होत्या. उठल्या नाहीत. तू होस्टेलात होतीस, तिनं तुला कळवू दिलं नाही. माझाच हात वाईट, म्हणायची. पुन्हा कधी कासेला हात लावला नाही तिनं."

मग त्यानं व्यापाऱ्याला फोन केला – येऊ नकोस.

सुट्टीत मी घरी आले की आई म्हणायची, बोटं आखडलीत गं, धार तूच काढ. मी खुशीत बादली उचलायची.