नर्मदाकाकींच्या नावाचा नारळ

२ जानेवारी १९६१, पहाटे साडेपाच
ओसरीवर सर्वांगासन. दगडी गडग्यापलीकडून शेजारच्या नर्मदाकाकी म्हणाल्या, "गो विमल, माड उलटो लावलंस काय?" त्यांची सून खदाखदा हसली.
योग हा व्यायाम नव्हे, साधना आहे. कोल्हापूरच्या हॉस्टेलात योग घेणाऱ्या अक्कांनी हेच शिकवले. आसनांआधी यम, यमांत पहिली अहिंसा. तेव्हा ठरले: काकींवर रागवायचे नाही. फक्त त्यांना पस्तावायला लावायचे.

५ जानेवारी
देवळाचे मानकरी गंगाराम गावकर यांनी बायकांच्या योगक्लाससाठी देवळाचा सभामंडप दिला. महिनाभर बायका टिकल्या तर कायमचा, नाहीतर भजनवाल्यांना. बाबा खूश, घरातली पहिली बी.ए. काहीतरी करते आहे. काकींना मुद्दाम बोलावले. पहिल्या रांगेत बसवून त्यांचे अज्ञान उघडे पाडणार.

९ जानेवारी
अकरा बायका! आसन एकही नाही. अहिंसेवर सव्वा तास बोलले. काकी चक्क घोरल्या. जाग आल्यावर म्हणतात, "झाला गो? आता आरती मा?" सगळ्या हसल्या. मी मौन पाळले. मनात नाही.

१३ जानेवारी
सत्यावर दीड तास. बायका चार. हौसाबाईंनी विचारले, "बाय, पाय कधी वर करूचे?" म्हटले, पात्रता आल्यावर.

१७ जानेवारी
क्लासला मी आणि देवळातले मांजर. बाकीच्या कुठे? काकींच्या अंगणात, छपरावर घालायचे झाप विणायला! गडग्यावरून पाहिले. माडाच्या भिजवलेल्या झावळ्या पुढ्यात घेऊन दोन तास मांडी न मोडता बसल्या होत्या. पाठ ताठ, चकार शब्द नाही. काय ही हुकूमशाही! सूड घ्यायलाच हवा. अहिंसक.

१८ जानेवारी
आमचे वासरू काकींच्या तांबड्या भाजीच्या वाफ्यात गेले. मी फक्त गडग्याच्या वाटेवरचे आडवे बेडे सरकवले होते. पुढचा निर्णय वासराचा. इतके मन लावून खात होते की हाकलणे ही हिंसा झाली असती.

१९ जानेवारी
काकींनी स्वतः वासरू परत आणले, पाणी पाजून. "भुकेलला बिचारा," म्हणाल्या. केवढे ढोंग!

२१ जानेवारी
शेवटचा प्लॅन. गावकरांच्या कानात सांगितले: नर्मदाकाकींचा अहंकार उतरू दे, असे देवाला गाऱ्हाणे घाला. नारळ माझा. माझा यावर विश्वास नाही, केवळ अभ्यास म्हणून. ते म्हणाले, "बरां. सोमवारी घालतंय."

२३ जानेवारी, सोमवार, दुपार
कोल्हापूरचे पुजारी ओठातल्या ओठात पुटपुटतात. आमच्याकडे गाऱ्हाणे खणखणीत आवाजात घालतात आणि जमलेला गाव साथ देतो, हे मी चार वर्षांत साफ विसरले होते.
गावकर गरजले, "बा देवा म्हाराजा! ह्या विमलान तुझ्या पायाकडे नारळ ठेवलो हा!"
"व्हय म्हाराजा!"
"हिच्या मनात शेजारच्या नर्मदेविषयी जां काय वाकडा-नाकडा आसात, तां दूर कर!"
"व्हय म्हाराजा!"
सगळ्यात मोठा आवाज काकींचा. माझ्या शेजारीच उभ्या होत्या. प्रसादाची शेरणी, म्हणजे खोबऱ्याची फोड, त्यांनीच माझ्या हातावर ठेवली.

२४ जानेवारी
बायकाच उरल्या नाहीत, म्हणून महिना भरण्याआधीच सभामंडप भजनवाल्यांना गेला.
सकाळी काकींची हाक आली, "ये गो, बस झाप विणूक." गेले ते केवळ त्यांचे आसन तपासायला. बाराव्या मिनिटाला माझे दोन्ही पाय बधिर. काकींनी हात देऊन उठवले, घोट्यांना तेल चोळले.
मग म्हणाल्या, "त्या दिवशी माका झोप लागली गो. तां अहिंसेचा काय सांगी होतंस, तां परत सांग."
बायकांचे हात थांबले. सगळ्या ऐकायला माझ्याकडे वळल्या.
सांगायला तोंड उघडले. समोर तांबड्या भाजीचा रिकामा वाफा होता.