जोडपाकीट

सोमवार, ८ सप्टेंबर

फळ्यावर नवा कागद लागलाय. लॉन्ड्रीत सूचनांचे कागद वाचतं कोण! वाफेनं मऊ पडतात आणि गळून जातात. पण आज माझी इस्त्री बिघडली होती, म्हणून उभी राहून वाचला. मग पुन्हा वाचला. पगार ज्याचा त्याच्या हातात किंवा ज्याच्या त्याच्या खात्यात. दुसऱ्या कुणाला द्यायचा असेल तर ज्याचा पगार आहे त्यानं स्वतः तसं सांगायला हवं.

आमच्याकडे नवरा-बायको दोघं कामाला असले की दोघांचं मिळून एकच पाकीट निघतं, आणि ते नवऱ्याच्या हातात पडतं. जोडपाकीट म्हणतात त्याला. मी लागले तेव्हापासून असंच चाललंय. मला कुणी विचारलं नाही, मीही कधी तोंड उघडलं नाही. हॉटेलांच्या किती चादरी माझ्या हाताखालून गेल्या असतील! आणि माझा पगार नेमका किती, ते मला माहीत नाही. हसूच आलं. मग ते हसू गेलं आणि दिवसभर कामात लक्ष लागेना.

मंगळवार, ९ सप्टेंबर

शेजारच्या वाफेच्या यंत्रावर एक जण असते, तिला आम्ही वाफवालीच म्हणतो. तिला सांगितलं. म्हणाली, "मग घे की! अडवलंय कुणी?" तिचं काय जातंय — तिचा नवरा दुसरीकडे कामाला. तिला दर महिन्याला तिचं पाकीट मिळतं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज ह्यांच्याजवळ विषय काढला. आणि काढला तोही कधी, तर हे दमून येऊन बूट काढत होते तेव्हा! माझं हे नेहमीचंच.

"काय कमी पडतंय तुला?"

"कमी काही नाही हो."

"मग?"

म्हटलं, "एकदा हातात धरून बघायचाय. माझा आहे ना."

"माझ्या हातात असला म्हणजे तुझ्या हातात नाही का?" रागानं नाही विचारलं. दुखावून विचारलं. ते जास्त लागलं. ह्या माणसानं मला आजवर कधी नाही म्हटलेलं नाही. पैसे उडवत नाहीत, कसलं व्यसन नाही. मग मी कशासाठी भांडतेय? पण माझ्या कष्टाचं मला बघावंसं वाटतं, यात काही वाकडं आहे का? नाही. मला नाही वाटत.

इस्त्री ओढून माझा उजवा खांदा धरतो म्हणून जेवणानंतर हे रोज गरम पाण्याची पिशवी देतात. आज अबोला. तरी पिशवी आलीच. खांद्यावर ठेवली आणि न बोलता निघून गेले. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही!

मंगळवार, १६ सप्टेंबर

अबोला चालू. "मीठ कमी आहे" हे मला नाही, पातेल्याला सांगितलं.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज माझ्या जागेवरून चादरींच्या घड्या घालायचं टेबल दिसत होतं. पाठ गेल्यापासून हे तिथं असतात. आधी मोठ्या धुण्याच्या यंत्रांवर होते, ओल्या चादरी उपसून उपसून कंबर धरली. टेबलावर आणलं तेव्हा मी विचारलं होतं, पगार कापतील का हो? "छे, काही फरक नाही," म्हणाले होते. तेव्हा केवढा जीव भांड्यात पडला होता माझा!

चादरीचं टोक टोकाला किती हळुवार लावतात. मला फार माया आली. पण अबोला मी आधी सोडणार नाही.

रविवार, २१ सप्टेंबर

त्यांनीच सोडला. "घे बाई तुझा पगार. माझी काही हरकत नाही." मग दारात उभे राहिले, पुढं काही बोलायचं होतं असं वाटलं. मी वाट बघितली. तर म्हणाले, "खिडकीची कडी सैल झालीय," आणि ती ठोकत बसले. कडी चांगली घट्ट होती.

सोमवार, २२ सप्टेंबर

मोजणीकाकांकडे गेले. पगार वाटतात म्हणून सगळे त्यांना मोजणीकाका म्हणतात. चष्म्यावरून बघत म्हणाले, "यजमानांना विचारलंत का?"

"काका, इस्त्री मी करते, खांदा माझा दुखतो, आणि विचारायचं यजमानांना?"

बाहेर वाफवाली खो खो हसली. काकांनी कान खाजवला. म्हणाले, "बरं बाई. या महिन्यापासून तुमच्या हातात." एवढंच! एवढ्यासाठी मी इतकी वर्षं गप्प होते?

मंगळवार, ३० सप्टेंबर

आज पगार. काकांनी मला पुकारलं तेव्हा सगळी रांग वळून बघत होती. पाकीट घेतलं. चांगलंच जाड. जिन्याखाली जाऊन उघडलं.

आत दोन छोटी पाकिटं! एक माझं, एक ह्यांचं. दोन्हीवर रक्कम लिहिलेली. काकांची खोड जाईल तर शपथ! वेगळं करा म्हटलं, तर पुन्हा जोडपाकीटच बांधलं, फक्त नवऱ्याऐवजी बायकोच्या हातात दिलं.

आणि मग मी वाचलं. ह्यांचा पगार माझ्यापेक्षा कमी आहे. थोडाथोडका नाही, बराच कमी. टेबलावर आणलं तेव्हापासूनच कापला असणार. तेव्हापासून हे मधल्या सुट्टीत चहाला जात नाहीत — "पित्त होतं" म्हणतात. बस सोडून चालत येतात — "पाठीला बरं" म्हणतात. आणि मी खुळी त्यांना आल्याचा तुकडा बांधून देत होते, पित्तावर!

विश्वासाचा प्रश्नच नव्हता तर. कापलेल्या पगाराची लाज होती. तीही माझ्यापुढं! जिन्याखाली पोटभर रडून घेतलं.

मग तोंड धुतलं, मोठं पाकीट पुन्हा चिकटवलं आणि फाटकाशी गेले. हे तिथं उभे होते. त्यांच्यासमोरच फाडून त्यांचं पाकीट त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, "काकांनी चुकून तुमचंही माझ्यात घातलं बघा. मी काही उघडून बघितलेलं नाही हं."

"नाही बघितलंस?"

"नाही बाई. ज्याचं त्याला."

माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग पाकीट खिशात घातलं. त्यांचा मान राखला याचं मला इतकं बरं वाटतंय! असा खोटेपणा मी रोज करीन.

बुधवार, १ ऑक्टोबर

सकाळीच मोजणीकाकांना गाठलं. "काका, ह्यांचा पगार ह्यांच्याच हातात देत जा. पुन्हा अशी चूक नको."

"चूक कसली?" काका म्हणाले. "ते स्वतः येऊन सांगून गेले — माझाही तिच्याच हातात द्या. तिला तोंडानं सांगायला जमत नाहीये, बघेल तेव्हा कळेल तिला."

आणि मी सांगून बसले, बघितलं नाही म्हणून!