तीन फूट बाय दीड

८ डिसेंबर ८५, रविवार

घरात मासा आला. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. बरणीला अजून हिंगाचा वास आहे, निदान मला तरी येतो. गडद निळा, शेपटी ओल्या ओढणीसारखी. फायटर म्हणतात याला. एकेकटाच ठेवायचा असतो. व.ला त्याच्या ऑफिसातल्या कुमुदने दिला. टायपिस्ट आहे. देवळाली कॅम्पला राहते. घरी म्हणे चार-पाच टाक्या, नुसते मासेच मासे.

"नाव काय याचं?"
"नवाब."
"तू ठेवलंस?"
"छे, तिनेच. आधीपासूनच आहे."

म्हणजे नावासकट आला. मी मासाच म्हणणार.

११ डिसेंबर

बरणी माझ्या टेबलावर. दुसरीकडे जागाच नाही म्हणे. खरंय, नाही. खोलीत कॉट, कपाट आणि हे टेबल. बाबांनी लग्नात पिंपळगावच्या सुताराकडून करवून दिलेलं. तीन फूट बाय दीड. या घरात माझं म्हणून एवढंच.

बरणी नेमकी माझ्या डाव्या कोपराच्या जागी. दिवसभरात चार ओळी. त्यातल्या तीन खोडल्या. पुण्याच्या अनियतकालिकवाल्यांना गोष्ट जानेवारीअखेर हवी आहे. पहिल्यांदाच कुणी आपणहून मागितलीय.

१९ डिसेंबर

व. कंपनीतून आला की आधी टेबलाकडे जातो. लग्न झालं तेव्हा असा जायचा का टेबलाकडे? टेबलापाशी मी असायचे.

आज बूटही न काढता,
"खाल्लं का काही?"
"हो, दुपारची भाजी होती ना."
"नवाबने, अगं."

२७ डिसेंबर

थंडी. नळाचं पाणी हाताला चावतंय. मासा बरणीच्या तळाशी, रंग उतरलेला. व.चा जीव वर-खाली. म्हणतो, बरणीतलं एवढंसं पाणी लगेच गार पडतं, मोठी टाकी हवी, पाणी जास्त असलं की ऊब धरतं.

आज मुद्दाम मेन रोडच्या मासेवाल्याकडे गेले. मला उलटं काहीतरी ऐकायचं होतं, ते मिळालं. "फायटर का, म्हशीच्या खुराच्या खळग्यात साचलेल्या पाण्यातसुद्धा जगतो हो ताई." त्याच्याकडे फायटरांच्या बाटल्यांची रांगच आहे, आणि दर दोन बाटल्यांमध्ये एक जुनं पोस्टकार्ड उभं केलेलं. एकमेकांना दिसू नयेत म्हणून. मी विचारलं तर त्याने एक कार्ड उचलून दाखवलं. दोघेही फुलले, कल्ले ताठ, काचेवर धडका. "आता दोघंपण जेवायचे नाहीत," म्हणाला आणि कार्ड परत ठेवलं.

यावर लिहायचं नाही. फारच आयतं आहे.

रात्री व.ला फक्त खुराचं सांगितलं.
"खुरात दिवस काढतो. त्याला राहणं म्हणत नाहीत."
"हे कोण म्हणालं?"
"कुमुद."

५ जानेवारी ८६, रविवार

व.ने टेप काढली. टेबल मोजलं, दोनदा. मग पेपर कापून तीन तुकडे केले. एक फूट, दीड फूट, दोन फूट. एकेक तुकडा टेबलावर ठेवायचा आणि मान तिरपी करून बघायचं. साडी घ्यायला गेलो की हाच माणूस दारात उभा राहतो.

एक फूट: "कोंडल्यासारखं होईल त्याला." दीड फूट: "बरंय, पण…" दोन फूट: गप्प उभा. म्हणजे दोन.

उंची नको, लांबी हवी, असं आहे म्हणे. हा मासा वर येऊन हवा घेतो. टाकी खोल असली तर एवढी शेपटी ओढत वर येऊन येऊन दमतो. कुणी सांगितलं ते विचारलं नाही.

दोन फुटांच्या पेपरनंतर एक पट्टी उरते. तिच्यावर वही मावते, कोपर नाही.
"आणि मी?" म्हटलं.
"तुला काय, तू कुठेही लिहितेस."

दोन वर्षांत माझ्यासाठी टेप निघाली नाही. माझं कोपर केवढं, कुणाला ठाऊक.

१४ जानेवारी, संक्रांत

हळदीकुंकू. व. दूध आणायला म्हणून जो सटकला तो दिवेलागणीला उगवला. गल्लीतल्या बायका येऊन गेल्या, आणि शेवटी ती. कुमुद. व.नेच बोलावलं होतं, मला आज सकाळी सांगितलं.

मला वाटलं होतं उंच असेल. नाही. चष्मा, तेलाची वेणी, बोटांना टाइपरायटरच्या रिबनची शाई. सुंदर असती तर बरं झालं असतं, काहीतरी कळलं असतं. पहिल्याच भेटीत अगं-तुगं. वाण म्हणून मी प्लास्टिकची गाळणी दिली तर म्हणाली, "अगं, हे छान झालं, पिल्लं धरायला होईल." गाळणीसुद्धा माशांकडे गेली.

नवाबला बघायला टेबलाशी आली. (नवाब लिहून झालं. खोडत नाही.) दोन फुटांचा पेपर तिथेच होता, दौतीखाली.
"हे टाकीचं माप?"
"हो."
ती पेपर बघते आहे, वही बघते आहे.
"मग तू लिहिणार कुठे?"

मी म्हटलं, "मी काय, कुठेही."

तिने तिळगूळ घेतला, देवळालीची बस होती, गेली. दार लावल्यावर इतका राग आला. व.ला दोन वर्षांत जे सुचलं नाही ते हिला दोन मिनिटांत सुचावं. हिला का सुचावं? निदान एवढं तरी तिने त्याच्यासाठी ठेवायचं.

१९ जानेवारी

व.ला ओव्हरटाइम. जाताना म्हणाला, "अंबडच्या रस्त्यावर रंगनाथचं वर्कशॉप आहे, टाकीचं सांगून येशील? दोन फूट. लांबी सांग फक्त, बाकी त्याला कळतं."

रंगनाथ गेटचं वेल्डिंग करत होता. काळा चष्मा वर केला.
"किती फूट, वहिनी?"
"तीन."
"मासे किती हायेत?"
"एक."
"एकच? तीन फुटात काय करंल तो? मंगल कार्यालयात एकटाच जेवाया बसल्यावानी दिसंल."
"दिसू दे."
"आन् ठेवणार कशावर?"
"टेबलावर. टेबलपण तीन फूटच आहे."
"पाणी भरल्यावर कांद्याची दोन पोती ठेवल्यावानी वजन हाय त्याचं. बसंल ना टेबल खाली."
"बसू दे."

चष्मा काढून बघत राहिला. "सायबांशी भांडण झालं का?"
"नाही."

खरंच झालं नाही. झालं असतं तर दोन फूटच सांगितले असते.

२३ जानेवारी

गोष्ट अडलीय. ओट्यावर बसून बघितलं, कॉटवर बघितलं, जिन्यात बघितलं. 'कुठेही' म्हणजे नेमकं कुठे ते शोधत होते. मासा बरा आहे. व.ने बरणीवर चाळीसचा दिवा टांगलाय. त्या उजेडात टेबलाशी मीही जरा बसते. त्याच्या उजेडात. एक ओळ बरी आली.

२६ जानेवारी, रविवार

हातगाडीवरून टाकी आली. रंगनाथ आणि व. दोघांनी मिळून उचलून टेबलावर ठेवली. या कडेपासून त्या कडेपर्यंत. डाव्या-उजव्या बाजूला पेन ठेवायलाही जागा नाही. लोखंडी अँगलला हिरवा रंग, पुट्टी अजून ओली. रंगनाथ माझ्याकडे न बघता गेला. पाणी आठ दिवस भरू नका, एवढंच म्हणाला.

व. उभा. मला वाटलं हरखेल. मग वाटलं चिडेल. दोन्हींची उत्तरं तयार ठेवली होती.

कपाटावर ठेवलेल्या माझ्या वह्यांकडे बघितलं त्याने. दौत खाली जमिनीवर होती, तिच्याकडे. मग,

"मग तू लिहिणार कुठे?"

मी ओट्याकडे वळले. भात लावला. डोळे भरून आले, ते त्याला दिसू दिले नाहीत. एवढंच तर हवं होतं. हेच. दोन वर्षं.

तांदूळ धुता धुता लक्षात आलं. तिचेच शब्द. 'मग'सकट.

२७ जानेवारी

टाकी रिकामी. मासा बरणीत, बरणी टाकीत. तेवढीच जागा होती. काचेच्या आत काच.

सकाळी कंपनीत जायच्या आधी व. टेप घेऊन आला. "बस बघू. लिहितेस तसा हात ठेव." टाकी भिंतीकडे सरकवून पुढच्या पट्टीत मी हात ठेवला. त्याने कोपरापासून वहीच्या कडेपर्यंत मोजलं. वाकला होता, केसांना साबणाचा वास. "सव्वादोन फूट लागतात तुला," म्हणाला. "मला वाटायचं कमी लागतात."

सव्वादोन. मलाही माहीत नव्हतं.

म्हणाला, रंगनाथकडून टाकी कापून आणू, नाहीतर लोखंडी स्टँड करू, कॉट थोडी सरकवू. "तू सांग."

सांगायचं आहे. त्याआधी एक विचारायचं आहे. चौदा तारखेनंतर ऑफिसात तिने काही म्हटलं का. एवढंच. तो खरं सांगेल, तसाच आहे तो. हो म्हणाला तर ते सव्वादोन फूटही तिचेच होतील. नाही म्हणाला तर मला पटेल का?

तो गेलाय. टेप विसरला, टाकीवरच आहे. नवाब वर आला, हवा घेतली, खाली गेला. चार दिवस उरलेत गोष्टीला. टाकीपुढच्या पट्टीत वही उघडलीय, कोपर बाहेर.