आधी वाढायचं

काळेवाडी, रविवार संध्याकाळ, १९७४

अंबाड्यात केस अजून ओलेच आहेत. सकाळी पवनेत माझा बाप्तिस्मा झाला, नदीचा वास काही जात नाही.

नंतर चर्चच्या मंडळीचं जेवण होतं. आजचा मान माझाच, असं समजून मी ऐटीत पहिल्या पंगतीला बसले. पाळकबाईंनी हसत उठवलं आणि वरणाची बादली हातात दिली. "आपल्यात ज्याचा बाप्तिस्मा, त्यानं आधी वाढायचं." केसांचं पाणी पाठीवर निथळत होतं आणि मी वाढत होते. राग आला होता, खोटं कशाला बोलू?

घरी आले तर शेजारच्या द्वारकाबाई एकट्याच. पाय प्लास्टरमध्ये, मुलगा सेकंड शिफ्टला, घागर कोरडी. मी तांब्याभर पाणी नेऊन दिलं. "बाटगीच्या हातचं पानी न्हाई प्यायची मी!" म्हणाल्या आणि माझ्यादेखत तांब्या उपडा केला.

रागानं तशीच परत आले, त्यांची घागर कोरडीच राहिली. मग बाप्तिस्मा घेतला कशाला? पंगतीत मिरवायला?

आत्ता अंबाडा सोडला. पुन्हा तोच नदीचा वास.

आजचा नळ येऊन गेला. उद्या सकाळी नळ आला की आधी त्यांची घागर भरायची, मग माझी. त्यांनी ओतून दिली तर?

नळ संध्याकाळीही येतो.