तळ्यावरची तांबडी माकडं

मुकोगोदो, ४ फेब्रुवारी

चि. रेसियातो हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

नान्युकीला शहरात जाऊन तू वाळलीस म्हणे. तिथे चहात दूध घालत नाहीत का?

इथे तळं आटत चाललंय. शेजारच्यांच्या दोन शेळ्या बिबट्यानं नेल्या, त्यामुळे पाण्याला जाताना दर झुडपाशी थांबून बघते. त्यात दिवस भरत आलेत. तळ्यावर लांब पायांची तांबडी माकडं येतात. झाडावर फारशी चढत नाहीत. गवतातूनच हिंडतात, बाभळीचा डिंक खातात, आणि पळाली की कुत्रं मागे पडतं. तुझे भाऊजी म्हणतात, ती आपलं पाणी संपवतात, एक दिवस कुत्री सोडतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी नासिएकू

नान्युकी, ९ फेब्रुवारी

ती. नासिएकूताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून लगेच लिहायला बसले. पाण्याला एकटी जाऊ नकोस. भाऊजींना सांग, कुत्री माकडांवर कशाला, बायकोबरोबर धाडा. तुझ्या सासूबाई तुला पाण्याला धाडायचं थांबवत नसतील तर मी येऊन भांडते.

आठवण असू द्यावी.
रेसियातो

मुकोगोदो, २६ फेब्रुवारी

चि. रेसियातो हिस आशीर्वाद.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहोत, हे आधी वाच.

तुझे भाऊजी गुरं घेऊन लांब गेले होते, सासूबाई तापानं पडलेल्या. घरात थेंब नव्हता, म्हणून गेले. तळ्याशी मोठा नर दोन पायांवर उभा राहून गवताकडे बघत होता. एकदाच भुंकला. माद्या पिल्लांना पोटाशी धरून जागच्या जागी आडव्या झाल्या. मीही झाले. का, ते सांगता येत नाही. नर मात्र मुद्दाम झुडपं हलवत, दिसेल असा उलट्या दिशेला पळाला, आणि माझ्यापासून दोन हातांवरून ठिपक्यांची पाठ त्याच्यामागे गेली. तोंडात माती धरून पडून राहिले. शेजारची मादी माझ्याकडे बघत होती. तिचं पिल्लूसुद्धा हूं की चूं करत नव्हतं. कळा तिथेच सुरू झाल्या.

घरी कशी पोचले, देव जाणे. नर जगला, दुसऱ्या दिवशी लंगडत पाण्यावर आला होता, असं शेजारीण सांगत होती.

चार दिवसांनी तुझे भाऊजी परतले. वाटेतच त्यांना मुलगी झाल्याचं कळलं. बाळंतिणीला पाणी पुरावं म्हणून घरी येण्याआधीच त्यांनी तळ्यावर कुत्री सोडली. माकडं टेकड्यांपलीकडे गेली. मग हसत आत आले. मी सगळं सांगितलं तेव्हा खाली बसले, म्हणाले, "मला कुठे ठाऊक होतं गं?"

आता पाण्याला तेच भाला घेऊन पुढे चालतात, आणि सारखे वळून विचारतात, काही ऐकू येतं का. काहीच ऐकू येत नाही, रेसियातो, नराचं ते भुंकणंसुद्धा नाही. म्हणूनच जीव थाऱ्यावर नाही.

भाचीवर तुझा जीव असू दे.
नासिएकू