साध्या पाण्याची रांग

गुरुवार, १४ तारीख
जेवणाची सुट्टी

प्रिय ताई,

तुला नमस्कार, भाऊजींना नमस्कार, छोटीला पापा. माझा खोकला गेला. खोलीतला पंखा अजून कुरकुरतो, पण आता तो बंद पडला की जाग येते.

त्या दिवशी फोनवर तू शेजारणीला सांगत होतीस, "आमचा धाकटा प्रयोगशाळेत प्रयोग करतो." ताई, मी काचा धुतो. ग्लास, नळ्या, बशा. आणि कांद्यांचं पाणी बदलतो. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात उचलेल.

कांदे खायचे नव्हेत. ग्लासाच्या तोंडावर कांदा बसवायचा, बूड तेवढं पाण्यात. मुळ्या फुटल्या की टोक कापून, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघतात. इथे एक शिकणारी मुलगी आहे, सगळे तिला चष्मिष म्हणतात. तिने मला एकदा दाखवलं.

"दादा, ही पेशी बघा, मधोमध दुभंगतेय."

"मला एकच पेशी माहीत, कोर्टातली."

इतकी हसली की चष्मा घसरला. मग तिने समजावलं. एकीच्या दोन होताना आतले धागे आधी दुप्पट होतात, मग दोघींना सारखे वाटले जातात. नाक कसं, रंग कसा, सगळं त्या धाग्यांत.

"खोटेपणाही त्यातनंच येतो का?"

"ते कांद्यात दिसत नाही, दादा."

तिचे वीस ग्लास होते. दहांत साधं पाणी, दहांत औषध. औषधाने पेशींचं दुभंगणं थांबतं का, ते बघायचं. आधीच्या दोन खेपांना थांबलं होतं. ही शेवटची खेप. रोज सकाळी साध्या रांगेला साधं पाणी आणि औषधाच्या रांगेला बाटलीतलं घालायचं, एवढंच माझं काम.

मागच्या आठवड्यात मी दोन दिवस दांडी मारली. कारण काही नाही, माझे भटके पाय तुला माहीत आहेत. तिसऱ्या दिवशी येऊन बघतो तर औषधाच्या रांगेतल्या मुळ्या तांदळाएवढ्याच. वाटलं, माझ्यामुळे पाणी सडलं, आता नोकरी गेली. कुणी यायच्या आत दहाही ग्लास ओतले नि नळाचं पाणी भरलं. मग रोज तेच. शेजारच्या साध्या रांगेचं पाणीही दोन दिवसांचंच होतं आणि तिच्या मुळ्या बोटभर वाढल्या होत्या, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ती रांग तशी ताडून बघायलाच असते, हे आता कळलं.

मुळ्या वाढल्या. मला आनंद झाला गं. वाटलं, वाचवल्या मी.

सोमवारी चष्मिषने टोकं कापून दुभंगणाऱ्या पेशी मोजल्या. दोन्ही रांगा सारख्या. पुन्हा मोजल्या, तरी तेच. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "मग आधीचे आकडे कुठून आणलेस? घरी बसून लिहिलेस?" मी तिथेच फडकं मारत होतो. एकच टेबल चार वेळा पुसलं. उद्या दहाला तिला ठेवायचं की काढायचं ते ठरणार आहे.

नंतर हात धुताना ती मला म्हणाली, "दादा, माझ्या डोक्यातच नसेल हे."

ताई, हे वाक्य मी आधी ऐकलंय. तुझ्या तोंडून.

तू नववीत होतीस, मी तिसरीत. तुझ्या बाईंनी माझ्याजवळ चिठ्ठी दिली होती, घरी द्यायला. सोमवारी आठला परीक्षेला पाठवा, वसतिगृहात जागा मिळेल. त्या चिठ्ठीत मी गोट्या बांधल्या आणि डाव हरलो. गोट्या गेल्या, चिठ्ठीसकट. बाईंना वाटलं घरच्यांनी अडवलं, तुला वाटलं बाईंनी निवडलं नाही. मधे मी होतो. तुझ्या मैत्रिणी वसतिगृहात गेल्या तेव्हा तू आईला म्हणालीस, "माझ्या डोक्यातच नसेल ते," आणि शिलाई मशीनवर जाऊन बसलीस. मी जेवत होतो. दुसऱ्यांदा भात मागितला.

शाळा मला मिळाली, आणि मी सातवीत सोडली.

चिठ्ठी आली होती, ताई. त्यात पहिलं नाव तुझंच होतं.

उद्या दहाच्या आधी मोठ्या बाईंपुढे माझी पेशी आहे. कोर्टातलीच समज. तिथे बोलायचं तर आधी तुला सांगायला हवं होतं, म्हणून हे पत्र. वाचून फाडलंस तरी चालेल. शेजारणीला मात्र आता खरं सांग.

तुझी चिठ्ठी बारा वर्षं उशिरा पोचवणारा,
धाकटा