अळणी

मोर्न-काबरी,
१२ फेब्रुवारी १९३७

चि. आन्सेल्म यास इस्मेनताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि दियुलासाठी पाठवलेलं कापड पोचलं. पोरगी आता दुडुदुडु चालते आणि दिवसभर कोंबड्यांच्या मागे लागते. कापड तू निवडलेलं नाहीस हे मी बघताक्षणी ओळखलं. एवढा चांगला रंग तुला कुठला कळायला! ती फ्लोरेस्तीन अजून नुसती शेजारीणच आहे का, ते एकदा खरं खरं कळव.

आता खाली बस आणि मग पुढचं वाच. हे परत आले आहेत.

मला वेड लागलेलं नाही. डोंगरापलीकडचा तो म्हातारा मांत्रिक मेला. पुरलेली माणसं उठवून तो आपल्या मळ्यात राबवतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. तो गेल्यावर त्याचे झॉम्बी धनी नसलेल्या गुरांसारखे पांगले. शनिवारी मी कॉफी विकायला बाजारात गेले, तर गाढवं बांधतात तिथे उन्हात एक माणूस उभा. अंगावर चिंध्या, नजर जमिनीला. डाव्या हाताची करंगळी नाही. ऊस पिळताना चरकात गेली होती, तूच तर फडकं बांधलं होतंस. मी हाक मारली. मान वर झाली नाही. मी मनगट धरलं आणि चालायला लागले, तर मुकाट्याने माझ्याबरोबर चालत आले. सगळा बाजार बाजूला होऊन बघत होता.

देवळातल्या वृद्ध बाबांकडे गेले. ते म्हणाले, पोरी, घरी ठेवायचा असेल तर याच्या जिभेला मिठाचा कण लागू देऊ नकोस. मीठ लागलं की आपण मेलोय हे त्याला कळेल, आणि तो उठून आपल्या कबरीकडे चालू लागेल. मी घरी येऊन मिठाचं मडकं सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. एकदा यांना मातीत घातलंय, आन्सेल्म. पुन्हा घालणार नाही.

माझी तुझ्यावर माया आहेच, तुझीही असू दे.
तुझी ताई

———

पोर्ट-ओ-प्रिन्स,
१ मार्च १९३७

ती. ताईस आन्सेल्मचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी शाळेत गेलोच नाही. मास्तर आजारी आहेत, असा निरोप मुलांना धाडला. खोटं नव्हतं तसं.

ताई, रागावू नकोस. दाजींची पेटी खांद्यावर घेणाऱ्यांत मी होतो. त्या वेळी दियुला तुझ्या पोटात होती आणि रडून रडून तुझं भान गेलं होतं. म्हणून मला भीती वाटते, की दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा किंवा भाऊ तू घरी आणला आहेस. करंगळी तुटलेली माणसं आपल्याकडे थोडी आहेत का? उसाने किती जणांची घेतली!

आणि ते दाजीच असतील, तर ते मेलेलेच नव्हते. इथला एक डॉक्टर मला सांगत होता, असं विष असतं की श्वास जाणवत नाही, नाडी लागत नाही, आणि माणूस आत जिवंत असतो. मग ते आजारी आहेत, झॉम्बी नव्हेत. त्यांना इकडे घेऊन ये. इस्पितळ आहे, मी आहे. निदान त्यांच्या जेवणात मीठ घाल. आपल्या उन्हात घाम गाळणारा माणूस मिठावाचून सुकून जाईल.

फ्लोरेस्तीनबद्दल विचारलंस. शेजारीणच आहे. पण हल्ली रविवारी कालवण जास्त होतं म्हणून वाटी आणून देते. रविवारीच कसं जास्त होतं, ते मी विचारलेलं नाही.

पत्राची वाट बघतो. माझ्यावर रुसू नये, ही विनंती.
तुझा
आन्सेल्म

———

मोर्न-काबरी,
२० जून १९३७

चि. आन्सेल्म यास आशीर्वाद.

रुसले नव्हते. कॉफीच्या बागेत तण माजलं होतं, ते काढण्यात दिवस गेले. खरं सांगायचं तर यांनीच काढलं. सकाळी हातात कोयता दिला की संध्याकाळी मी काढून घेईपर्यंत थांबत नाहीत. थांबा म्हटलं की थांबतात, बसा म्हटलं की बसतात. ज्वारीची लापशी, केळी, रताळी, जे ताटात टाकीन ते खातात. सगळं अळणी. मीही अळणीच खाते. यांच्यासमोर बसून चवीचं खायचं मला होत नाही.

त्यांना इस्पितळात नेणार नाही. तिथे त्यांना पहिल्याच दिवशी मिठाचा रस्सा पाजतील.

शेजारपाजार येईनासा झालाय. विहिरीवर बायका माझ्याआधी पाणी भरून घेतात, नाहीतर मी निघाल्याशिवाय पुढेच होत नाहीत. दियुलाला मात्र भीती नाही. त्यांच्या पावलांवर बसते आणि घोडा घोडा करते. ते पाय हलवत नाहीत, तर स्वतःच हिंदकळते.

दिवस मावळला की मी त्यांच्याशेजारी चूल फुंकत बोलत बसते. दिवसभरात काय झालं ते सगळं सांगते. कधी भांडतेसुद्धा. आधी कधी मी इतकं बोलले नव्हते आणि त्यांनी इतकं ऐकून घेतलं नव्हतं. तू हसशील, पण आन्सेल्म, मला घर भरल्यासारखं वाटतं. डोळे रिकामे का असेनात, समोर आहेत.

तुझ्या सुट्टीत ये. बघ, आणि मग सांग की हे दुसऱ्याच कुणाचे आहेत. येताना जेवणखाण आणू नकोस, इथे सगळं आहे.

तुझी वाट बघणारी
ताई

———

पोर्ट-ओ-प्रिन्स,
१२ सप्टेंबर १९३७

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे माझं तिसरं पत्र. आधीच्या दोन्हींना उत्तर आलं नाही, ते बरोबरच आहे. पण त्यांत मी नुसती माफी मागितली, जे झालं ते माझ्या तोंडून तू ऐकलेलंच नाहीस. तू माझ्याकडे पाहिलंच नाहीस, आणि मी दुसऱ्या दिवशी मान खाली घालून निघून आलो.

सुट्टीत मी तुझ्याकडे पोचलो तेव्हा तू ओढ्यावर धुणं धुवायला गेली होतीस. अंगणात दाजी बसले होते, त्यांच्या पावलांवर दियुला. दाजीच. एका नजरेत कळलं. मी त्यांना मिठी मारली, तर हाताला नुसती हाडं लागली. गालफडं बसलेली, ओठ फुटलेले. मला वाटलं, ताई मायेपोटी यांना उपाशी मारते आहे. वाटेत खायला फ्लोरेस्तीनने खारवलेला मासा तळून दिला होता. दियुलाला कडेवर घेऊन त्याचा तुकडा मी त्यांच्या हातात ठेवला. खा म्हटलं. त्यांनी खाल्ला.

आधी काहीच झालं नाही. मग चावणं थांबलं. त्यांनी हाताकडे पाहिलं, मग अंगणाकडे, मग माझ्याकडे. मला लहानपणी ज्या नावाने चिडवायचे त्या नावाने हाक मारली, बेडक्या म्हणून. आणि मग असे ओरडले की माझ्या कडेवरची दियुला दचकून रडायला लागली. तू ओल्या कपड्यांनिशी धावत आलीस. ते फाटकाबाहेर पडले होते. तू मला एवढंच म्हणालीस, पोरीला धर, मागे येऊ नकोस.

दुपार कलली तेव्हा तू एकटी परत आलीस. पुढचं मला गावकऱ्यांकडून कळलं. कबरीवर पडलेले सापडले, हात मातीत रुतलेले.

माझ्यातला शिकलेला माणूस आणि माझ्यातला शिकवणारा मास्तर, दोघांनाही मी रोज शिव्या देतो. तुझा भरलेला संसार मी एका घासाने मोडला. क्षमा मागायलाही तोंड नाही. चार अक्षरं लिही, शिव्या लिही, पण लिही.

तुझा अपराधी
आन्सेल्म

———

मोर्न-काबरी,
१४ नोव्हेंबर १९३७

चि. आन्सेल्म यास अनेक आशीर्वाद.

तिन्ही पत्रं मिळाली. मी रागावून गप्प नव्हते. काय लिहू ते कळत नव्हतं. तू क्षमा मागतोस आणि प्रत्येक पत्र वाचताना माझी मान खाली जाते. आज लिहिते, कारण तू उगाच दुसऱ्याचं ओझं उचलून फिरतो आहेस.

त्या दिवशी मी त्यांना चिंचेच्या झाडापाशी गाठलं. मला वाटलं होतं, माझ्याकडे बघणार नाहीत. पण थांबले. म्हणाले, इस्मेन, तू इतकी वाळलीस. मी त्यांचा हात धरला, तर त्यांनीही धरला. आन्सेल्म, माझा हात त्यांनी धरला! आम्ही कबरस्तानापर्यंत तसेच चालत गेलो. मी विनवत होते, घरी चला. ते नको म्हणाले. पाय आता आपले नाहीत, तिकडेच ओढतात, म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते ऐक. त्यांना सगळं ऐकू येत होतं. मांत्रिकाच्या मळ्यातही, आणि माझ्या चुलीपाशीही. विहिरीच्या तळाशी बसलेल्याला वरचं बोलणं ऐकू यावं तसं. दियुलाचं नाव मला त्यांना सांगावं लागलं नाही. मी कुठल्या दिवशी कशावरून भांडले तेही माहीत होतं. हसले. म्हणाले, तुझी लापशी आधीच बेताची, त्यात अळणी. आणि मग हसू थांबलं. म्हणाले, वरच्या फळीवरचं मडकं रोज दिसायचं. हात वर जात नव्हता. रोज वाटायचं, आज तरी तू काढशील.

तू म्हणतोस तू माझं घर मोडलंस. मी त्यांना कोंडलं होतं. मांत्रिकाने कामासाठी कोंडलं, मी सोबतीसाठी. मला मीठ ठाऊक होतं, ते काय करतं हेही ठाऊक होतं, आणि तरी मी ते फळीवर चढवलं. तू एका घासात केलंस ते मी पहिल्याच संध्याकाळी करायला हवं होतं. तेवढे महिने त्यांचे मी घेतले. आता ते कुणाला परत करू?

मी तसं त्यांना म्हणालेही. पाया पडले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला उठवलं आणि माझ्या गुडघ्यांवरची माती झटकली.

कबरीपाशी ते माती उकरू लागले. मी शेजारी बसले, म्हटलं शेवटपर्यंत बसते. त्यांनी मान हलवली. म्हणाले, हे तू बघू नकोस. पोरगी रडत असेल, तू जा. मी ऐकलं नाही. तर पुन्हा म्हणाले, या वेळी तरी माझं ऐक.

म्हणून मी निघाले, मागे वळून पाहिलं नाही. घरी आले तर खरंच ती तुझ्या खांद्यावर रडत होती.

फ्लोरेस्तीनला माझे आशीर्वाद सांग. नाताळात दोघं या. आणि तुझ्यात माझ्यात काही मिटवायचं राहिलंय असं मनात आणू नकोस.

तुझी
ताई